खडकाचे डोके बुडाले की परत फिरावे

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की धबधब्यांवर जाण्यास बंदी घालणारे आदेश निघतात, एखादी दुर्घटना घडली की ते अधिक कडक होतात आणि दिवाळी येईपर्यंत सर्वांच्या विस्मरणात जातात, हा क्रम गोव्यातील वाचकांच्या चांगलाच परिचयाचा आहे. या आदेशांच्या बाजूने आणि विरुद्ध वर्तमानपत्रांत येणारी पत्रे मी वाचत आले आहे. माझे म्हणणे दोन्ही बाजूंपेक्षा थोडे निराळे आहे आणि ते प्रत्यक्ष अनुभवातून सुचलेले आहे. म्हणून पत्र नेहमीपेक्षा लांबले तरी आपण त्याला जागा द्यावी, अशी विनंती आहे.

गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही तिघी निवृत्त शिक्षिका मोले राष्ट्रीय उद्यानातील एका आडवाटेच्या धबधब्यावर जाऊन आलो. त्याचे नाव लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला, कारण अशा जागेचे नाव छापून आले की पुढच्या रविवारी तेथे दहा गाड्या जास्त उभ्या राहतात. परंतु नाव गाळले तर मी कोणत्या वाटेविषयी बोलते आहे हे ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांनाच कळणार नाही, आणि तसेही मोबाइलवरच्या नकाशात ती जागा केव्हाच जाऊन बसली आहे. तेव्हा स्पष्टच लिहिते. तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळापाशी रानात शिरले की सुमारे तासाभराच्या पायपिटीनंतर जो धबधबा लागतो, त्याविषयी हे पत्र आहे.

देऊळ सर्वांना ठाऊक आहे. कदंब राजवटीतले, काळ्या बसाल्ट दगडातले, छोटेसे पण रेखीव असे हे देऊळ पणजीपासून साधारण ६५ किलोमीटरवर आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मोठी गर्दी असते. आडबाजूला, दाट रानात असल्यामुळेच ते शतकानुशतके टिकून राहिले, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत असू. धबधब्याचेही आजवर तसेच होते. देवळात येणाऱ्या शंभर माणसांतली नव्याण्णव माणसे दर्शन घेऊन, नंदीजवळ फोटो काढून, शेजारच्या नदीत पाय बुडवून परत फिरत. उरलेला एखादा वाट विचारत असे, आणि त्याला वाट दाखवायला गावातलेच कोणीतरी जात असे.

आमच्याबरोबरही तसाच एक वाटाड्या होता. वय तिशीच्या आत, हातात कोयता, पायात साध्या रबरी चपला. आम्हाला तो 'बाई' म्हणत होता, कारण आम्हा तिघींपैकी एकीने त्याच्या मामेबहिणीला शाळेत शिकवले होते आणि आमच्याकडे एवढे नाते पुरते. परवान्याची व्यवस्था आधीच केलेली असल्यामुळे सकाळी आठलाच आम्ही निघालो. वाट सुरुवातीला सोपी आहे. माट्टी आणि किंदळाच्या उंच झाडांमधून ती जाते, पायाखाली ओली पाने असतात, डोक्यावर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेते तेव्हा पाने हलतात आणि मगच ते दिसते. जळवा अजून होत्या. मीठ-तंबाखूची पुरचुंडी आम्ही घरूनच नेली होती, तरी एका मैत्रिणीच्या पायमोज्यात दोन निघाल्याच, आणि त्यावरून परतीच्या वाटेभर तिची थट्टा झाली ती वेगळीच.

खरी वाट ओढ्याची आहे. तो एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. पहिल्याच उताराशी, म्हणजे ओढा ओलांडण्याच्या जागेशी, आमचा वाटाड्या थांबला आणि पाण्याकडे पाहत राहिला. मला वाटले की कोठे पाय ठेवायचा हे तो ठरवतो आहे. तसे नव्हते. प्रवाहाच्या मध्यावर, बसलेल्या म्हशीएवढा एक काळा खडक आहे आणि त्याचा माथा पाण्याबाहेर असतो. त्याच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "फातराची तकली बुडली जाल्यार फाटीं परतप." खडकाचे डोके बुडाले की परत फिरायचे. हा नियम त्याला वडिलांनी घालून दिला होता, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. ढोरे चारायला, मध काढायला, रानातली औषधे आणायला जाणारी माणसे याच खडकाकडे पाहून पलीकडे जायचे की नाही हे ठरवत आली होती. त्या दिवशी माथा हातभर बाहेर होता. आम्ही गेलो.

धबधब्याचे वर्णन मी फारसे करणार नाही. उंचीच्या हिशेबात ३१० मीटरच्या दूधसागरापुढे तो अगदीच धाकटा आहे आणि त्याची खरी शोभा उंचीत नाहीच. तीन बाजूंनी खडक वर गेलेला, त्यावर शेवाळ आणि नेचे, खाली हिरवट काळ्या पाण्याचा कोंड, आणि पाण्याचा आवाज इतका की शेजारी बसलेल्या माणसाशीही हातवारे करून बोलावे लागते. ही अडचण आमचीच नव्हे. सह्याद्रीच्या ओढ्यांत नाचरे बेडूक म्हणून ओळखला जाणारा एक लहानसा बेडूक राहतो. धबधब्याच्या घोषात ओरडून मादीला बोलावण्यावर त्यालाही विसंबता येत नाही, म्हणून नर खडकावर बसून मागचा एक पाय लांबवतो, बोटे पसरतो आणि झेंडा दाखवावा तसा तो पाय हलवतो. आमच्या वाटाड्याला त्याचे शास्त्रीय नाव माहीत नव्हते, पण तो कोणत्या खडकावर बसतो हे माहीत होते. अर्धा तास आम्ही तिघी साठीच्या पुढच्या बायका श्वास रोखून त्या खडकासमोर बसलो. बेडूक आला नाही. तरीही तो अर्धा तास वाया गेला असे आम्हा कोणालाच वाटले नाही.

साडेदहाच्या सुमारास माणसांचे आवाज येऊ लागले. कोणा सहल आयोजकाने आणलेला तीस-पस्तीस जणांचा गट होता. त्यांच्याबरोबर स्थानिक माणूस नव्हता, मोबाइलवर उतरवून घेतलेला मार्ग होता. एकाच्या पाठीवर वाजणारा स्पीकर होता, दोघांच्या हातांत काचेच्या बाटल्या होत्या. माणसे वाईट नव्हती. त्यांनी आम्हाला बिस्किटे दिली, एका तरुणीने माझा हात धरून मला निसरड्या जागेवरून खाली उतरवले. मात्र पाचच मिनिटांत दहा जण कोंडात उतरले, कोणी साबण काढला, कोणी वरून उडी मारण्यासाठी खडकावर चढू लागला. अशा कोंडात पोहणारा तरबेज माणूसही का बुडतो, हे तेथे कोणी सांगणारे नव्हते. पाणी कोसळते तेथे ते हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असते आणि अशा फेसाळ पाण्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. शिवाय पडणारे पाणी तळाशी जाऊन परत धारेकडे ओढते, त्यामुळे बाहेर येण्यासाठी हात मारणारा माणूस पुन्हा धारेखालीच जातो. जलतरण तलावात शिकलेले पोहणे तेथे उपयोगी पडत नाही.

आमच्या डोक्यावर आकाश निरभ्र होते. वाटाड्या मात्र पाण्याकडे पाहत होता, आणि अकराच्या आसपास तो एकदम उठून आम्हाला "चला" म्हणाला. मी कारण विचारले तेव्हा त्याने कोंडाच्या कडेला जमू लागलेली सुकी पाने दाखवली. थोड्या वेळापूर्वी ती नव्हती. घाटमाथ्यावर पाऊस झाला की ओढा काठावरची पाने उचलून आणतो. आधी पाने येतात, मग पाण्याचा रंग बदलतो, आणि त्यानंतर फार वेळ मिळत नाही. ऑक्टोबरात असा पाऊस दुपारनंतर येतो, त्या दिवशी तो लवकर आला होता. त्याने त्या गटालाही हाका मारल्या, खुणा केल्या. काही जण आमच्यामागून निघाले, बाकीच्यांनी हात हलवून 'येतो' म्हटले.

आम्ही पहिल्या उताराशी पोहोचलो तेव्हा खडकाचा माथा जेमतेम चार बोटे बाहेर होता. वाटाड्याने आम्हाला एकेक करून हाताला धरून पलीकडे नेले. शेवटची मैत्रीण काठावर आली आणि मी वळून पाहिले, तर खडक दिसत नव्हता. मागे राहिलेली पंधरा-सोळा माणसे पलीकडच्या काठावर सुमारे दीड तास अडकून पडली. मोबाइलला तेथे रेंज नाही. आमचा वाटाड्या तेवढा वेळ अलीकडच्या काठावर उभा राहून त्यांना हाताने 'थांबा, उतरू नका' असे सांगत राहिला, कारण त्यांतले दोघे-तिघे सारखे पाण्यात पाय घालून पाहत होते. पाणी उतरले, माथा दिसला, मग तो पलीकडे गेला आणि त्यांना घेऊन आला. कोणाला काही झाले नाही, म्हणून या घटनेची बातमी झाली नाही.

बातमी होते ती दुसऱ्या प्रकारची. जुलै २०२३मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे जण बुडाले आणि त्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर सरसकट प्रवेशबंदी झाली. त्याच महिन्यात दूधसागरकडे रुळांवरून चालत निघालेल्या तरुणांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत घराघरांत पाहिली गेली. (पस्तीस वर्षे शिकवलेल्या बाईला त्या शिक्षेचे हसू आले हे खरे, उठाबशांनी कोणी सुधारले असते तर माझे अर्धे वर्ग सुधारले असते.) पुढच्या वर्षी, ७ जुलै २०२४च्या रविवारी, सत्तरी तालुक्यातील पाली धबधब्यावर पाणी वाढून दीडशेच्या आसपास माणसे अडकली आणि त्यांना दोऱ्यांच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. तेथेही वाट ओढ्यातूनच जाते, आणि माणसे गेली तेव्हा तो ओढा ओलांडण्याजोगा होता. म्हणजे गोष्ट तीच आहे. प्रश्न धबधब्याचा कमी आणि त्याच्या आधीच्या ओढ्याचा जास्त आहे.

म्हणूनच तारखांवर चालणारी बंदी मला अपुरी वाटते. कॅलेंडरला ओढा कळत नाही. जूनमध्ये पावसाने दहा दिवस दडी मारली तर वाट सुरक्षित असू शकते आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, सगळीकडे 'हंगाम सुरू' असे फलक लागलेले असताना, ती अर्ध्या तासात जीवघेणी होऊ शकते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या राज्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि घाटाच्या पायथ्याशी त्याहूनही अधिक, तेथे घाटावर काय चालले आहे हे खाली उभ्या असलेल्या माणसाला आकाशाकडे पाहून समजत नाही. ते पाण्याकडे पाहून समजते, आणि पाणी वाचता येणारी माणसे त्या गावांत आहेत.

माझी सूचना साधी आहे. पहिल्या उताराशी असलेल्या त्या खडकावर, किंवा उद्यानाच्या नियमांत खडक रंगवणे बसत नसेल तर शेजारी रोवलेल्या दगडी खांबावर, एक ठळक पांढरी रेघ असावी. पाणी रेघेला लागले की वाट बंद, मग महिना कोणताही असो आणि परवाना कोणाच्याही हाती असो. रेघ कोठे मारायची हे ठरवताना अभियंत्यांनी मोजमाप अवश्य करावे, पण आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावे. देवळाच्या वाहनतळाशी एक नोंदवही असावी, आत जाणाऱ्याचे आणि बाहेर येणाऱ्याचे नाव तीत लिहिले जावे आणि दुपारी तीननंतर कोणाला आत सोडू नये. गावातल्या वाटाड्याशिवाय कोणताही गट जाऊ नये, आणि एका वाटाड्याबरोबर आठ-दहांहून अधिक माणसे नसावीत. वाटाड्याजवळ दोर, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी असावी, तिचा वापर त्याला शिकवलेला असावा. समुद्रकिनाऱ्यांवर २००८पासून आपण जीवरक्षक नेमले आहेत आणि किनाऱ्यावरचा लाल बावटा पाहून पाण्यात उतरू नये, ही शिस्त निदान काही पर्यटकांच्या अंगवळणी पडली आहे. रानातल्या पाण्याला अजून आपण कोणताही बावटा दिलेला नाही.

दिवसाला किती माणसे जावीत, यालाही मर्यादा हवी, आणि ती केवळ सुरक्षिततेसाठी नव्हे. आपण येथे सहलीच्या जागेविषयी नव्हे, राष्ट्रीय उद्यानाविषयी बोलत आहोत, हे अशा चर्चेत हमखास विसरले जाते. मोलेचे रान १९६९मध्ये संरक्षित झाले आणि त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही. पर्यटन हे परवाना देण्याचे एक मान्य कारण आहे, पण ते अनेकांतले एक कारण आहे, आणि तेथे आपला हक्क पाहुण्याचा आहे. त्या दिवशी स्पीकर वाजला, साबणाचा फेस कोंडावर पसरला, फुटलेल्या बाटलीच्या काचा आम्ही वेचून परत आणल्या. पाय हलवून बोलणाऱ्या बेडकाला स्पीकरचा त्रास होतो की नाही हे मी सांगू शकत नाही, पण त्याची अंडी आणि पिल्ले ज्या पाण्यात वाढतात त्या पाण्यात साबण नको, हे सांगायला प्राणिशास्त्र शिकावे लागत नाही. हेच पाणी पुढे रगाडो नदीतून म्हादई नदीला मिळते. म्हादईसाठी आपण शेजारच्या राज्याशी इतकी वर्षे न्यायालयात भांडतो आहोत. तिला मिळणाऱ्या पाण्यात काय मिसळते याकडेही तितक्याच बारकाईने पाहिले, तर ते भांडण अधिक खरे ठरेल.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे, तो असा की नियम आणि वाटाडे आले की पैसे आले, पैसे आले की गाड्या आल्या, आणि काही वर्षांत तेथे दुसरा दूधसागर उभा राहील. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. दूधसागरच्या हंगामात कुळ्याहून रानात जाणाऱ्या जीपगाड्यांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही भीती वाटणारच. त्या गाड्यांवर शेकडो कुटुंबांचे पोट आहे, म्हणून तेथे आता मागे येणे अवघड झाले आहे. तांबडी सुर्ल्याला अजून तसे झालेले नाही. ही वाट पायीच राहिली पाहिजे, रस्ता मुळीच होऊ नये, धबधब्यापाशी पायऱ्या, कठडे, कपडे बदलण्याच्या खोल्या, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या यांपैकी काहीही येऊ नये, हे आजच ठरवून लेखी नोंदवले तर पाळता येईल. एकदा पहिली टपरी लागली की ती हलवण्यासाठी न्यायालयात जावे लागेल. परवान्याच्या शुल्कातला ठरावीक भाग गावाला मिळावा, म्हणजे माणसांची संख्या न वाढवताही वाटाड्याला त्यात जगता येईल. त्या दिवशी आम्ही आमच्या वाटाड्याला जे दिले ते तिघींच्या एका वेळच्या हॉटेलच्या जेवणापेक्षा कमी होते. त्याने मागितले तेवढेच होते, आणि तरी ते देताना मला संकोच वाटला.

धबधबे कायमचे बंदच करा, असे म्हणणारेही आहेत. त्यांना मी एकच आठवण करून देईन. २०२०मध्ये मोलेच्या रानातून वीजवाहिनी, चौपदरी महामार्ग आणि रेल्वेचा दुसरा मार्ग नेण्याचे प्रस्ताव आले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत, चित्रे काढणाऱ्यांत, पत्रे लिहिणाऱ्यांत शाळा-महाविद्यालयांतली मुले मोठ्या संख्येने होती. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली, त्यामागे त्या मुलांनी उभे केलेले लोकमतही होते, असे मी मानते. त्यांतल्या अनेकांनी हे रान आधी पायांनी पाहिले होते. माझ्या शेवटच्या तुकडीतल्या एका मुलीने त्या वेळी मला लिहिले होते की, बाई, तुम्ही आम्हाला तांबडी सुर्ल्याला नेले होते तेव्हा मी पहिल्यांदा शेकरू पाहिले. रान दाखवायचेच नाही असे ठरवले, तर पुढच्या वेळी त्याच्यासाठी पत्र कोण लिहील?

पावसाळा सुरू होण्यापूर्वी अजून काही आठवडे हातात आहेत. ओढा सध्या आटलेला असल्यामुळे तो खडक पूर्ण उघडा आहे, रेघ मारण्यास किंवा खांब रोवण्यास यापेक्षा सोयीचे दिवस वर्षात दुसरे नाहीत. संबंधितांनी एक दिवस गावातल्या चार जाणत्या माणसांना बरोबर घेऊन तेथे जावे, एवढेच मागणे आहे.

आपण हे पत्र छापलेत तर सोबत धबधब्याचे छायाचित्र आणि जाण्याचा मार्ग कृपया देऊ नये. आपल्या कार्यालयात ते सहज उपलब्ध असेल याची मला कल्पना आहे. छायाचित्र हवेच असेल तर त्या खडकाचे द्यावे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा